अकरा सेकंद

तिसऱ्या वर्षाची तोंडी परीक्षा, खोली क्रमांक नऊ.
दोन खुर्च्या, मधे कागदी रुमालांचा डबा,
आणि नियम असा : दुःख खोटंच आणायचं,
घरचं आणायचं नाही.

माझ्या वाट्याला एर्विन ओयार्सून आला.
वय सेहेचाळीस. वीस वर्षं वाल्दिविया ते निएब्ला बस चालवली,
आता आमच्यात बसून स्टॅटिस्टिक्सशी झटापट करतो.
शाळेत समुपदेशक व्हायचं म्हणतो;
मागच्या सीटवर एकटंच रडणारं पोर
आरशात दिसायचं, म्हणे, आणि हात स्टिअरिंगवर.

"माझा भाऊ," तो म्हणाला, "होडी घेऊन गेला."
एवढंच. पुढे काही नाही.

मला पाठ होतं सगळं :
किंचित पुढे झुकणं, त्याचेच शब्द त्याला परत देणं,
'का' विचारायचं टाळणं.
जिभेवर आलेलं वाक्य मी गिळलं.
खाली नदीकाठच्या मासळीबाजारात
समुद्रसिंह भुंकत होते, हावरे,
आणि एर्विनचा अंगठा मांडीवर
नसलेला हॉर्न दाबत होता.

बाईंनी शेरा लिहिला :
शांतता अकरा सेकंद. उत्तम.
सातपैकी सहा पूर्णांक चार.

जिन्यात मी विचारलं, "तुला भाऊ आहे, एर्विन?"
त्यानं खिशातली चिल्लर काढली,
कॉफीच्या मशीनमध्ये एकेक नाणं टाकत राहिला.
"पास झालीस ना?"

दोन कप. एक माझ्या हातात दिला.
या वेळी मी मोजलं नाही.