शिल्लक, मगरींसह

हुकूम बुधवारी आला. राजधानी इंदूरला जाणार.
तिकडे उंची आहे, पाचशे त्रेपन्न मीटर,
समुद्राला चढायला अजून वेळ लागेल.
मला फक्त यादी करायची आहे:
काय न्यायचं, काय सोडायचं
आणि कशाची पोच कोण देणार.

कपाटं एकशे बारा.
खुर्च्या, चारही पाय असलेल्या, नव्वद.
शिक्का एक. त्यावर वड.
पारंब्या झिजून आता नुसता ठिपका उमटतो,
त्या ठिपक्यावर लोक गेली वीस वर्षं
पाण्याखालच्या जमिनी लेकरांच्या नावे करताहेत.

शंभर वर्षांपूर्वी खंभातचं आखात
एका पौर्णिमेला पादऱ्यापर्यंत आलं
आणि परत जायचं विसरलं.
मग भरूच आलं, सुरत आली,
माणसं नव्हेत, अख्खी शहरं,
दुकानांच्या पाट्या काखोटीला मारून.
सगळ्यांना कुठंतरी तक्रार करायची होती.
तक्रार घेतात ती राजधानी, असं
पहिल्या कारभारीण शकुंतला फणसे म्हणाल्या म्हणे,
न्यायमंदिराच्या पायरीवर, गुडघाभर पाण्यात.
असे आम्ही बुडीत प्रांताची राजधानी झालो.
बँकवाले हसले:
बुडीत खातं पाहिलं होतं, त्याला राजवाडा पहिल्यांदाच.

पहिला कायदा मगरींचा.
पुरात मगर रस्त्यावर आली तर तिला वाट द्यावी,
ती मूळ रहिवासी, आपण भाडेकरू.
दुसरा शेव-उसळीच्या गाड्यांबद्दल.
तिसरा कुणालाच आठवत नाही,
पण तो मोडल्याबद्दल माझ्या आजोबांना दंड झाला होता
आणि त्यांनी तो अभिमानानं भरला.

मधली तीस वर्षं कारभार यंत्राकडे होता.
दप्तरखान्यातली मोडी वाचून वाचून शिकलेलं ते,
नळाचं बिलसुद्धा
‘विज्ञापना ऐसीजे’ म्हणून सुरू करायचं.
लोकांना कळत नसे, पण
इतक्या अदबीनं मागितल्यावर कोण नाही म्हणेल?
खजिना भरला. पूल झाले, तरते बाजार झाले,
मांडवीवरून होड्यांना हिरवा दिवा दिसू लागला.
मग खाऱ्या हवेनं त्याची आठवण पोखरली.
आधी गावांची नावं गेली, मग आकडे,
शेवटी एकच प्रश्न उरला:
पाणी किती?

माझे वडील रोज पहाटे
काळ्या घोड्याच्या पुलावरून पट्टी वाचून
त्याला सांगायला जायचे.
यंत्र बंद पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेले.
तिसऱ्याही.
मी एकदा चिडून विचारलं, कुणाला सांगता?
तर म्हणाले, विचारलं होतं ना त्यानं.

असो. यादी.
विश्वामित्रीतल्या मगरी: तीनशे एक्केचाळीस.
इंदूरकर म्हणतात, हा रकाना आमच्याकडे नाही.
त्यातल्या एकीच्या शेपटीवर फणसेबाईंच्या काळातली
पितळी पट्टी आहे, क्रमांक सतरा.
एवढं जगतात का मगरी, ठाऊक नाही.
दुपारी ती न्यायमंदिराच्या चौथ्या पायरीवर येऊन पडते,
तोंड उघडं,
जणू सुनावणी अजून चालू आहे
आणि अर्जदार तीच.

काल मी तिच्यासमोर उभं राहून
सगळी यादी मोठ्यानं वाचली.
पोच म्हणून तिनं डोळ्यावरचा पारदर्शक पडदा
एकदा आडवा ओढला, एकदा उघडला.
मी तसं नोंदवून घेतलं.

शिक्का: गहाळ.
(चौथ्या पायरीपाशी शोधू नये. तिथं खोल आहे.)
बाकी कपाटं गुरुवारी निघतील.
गाडीत माझ्यासाठी जागा राखली आहे, खिडकीची,
तिचा विचार उद्या.

आजचं पाणी एकवीस फूट चार इंच.
विचारलं कुणी नाही,
म्हणून इथं लिहून ठेवते.