रकाना चौदा

दीड वर्ष पूर्ण. किती शब्द बोलते?
छापील ओळीत एवढंच विचारलंय.

दुर्पता वेचता वेचता सांगते,
"कुठी बोलते व बाई,
नुस्ते आवाज काढते पोट्टी."
ओटीत कापूस, बोटांवर बोंडांचे ओरखडे,
आणि पाठ आमच्याकडे.

बाभळीच्या फांदीला मी काटा अडकवते.
आठ किलो दोनशे.
झोळीत लोंबकळणारी ओजल
माझ्याकडे बघतच नाही,
बघते बांधापलीकडं, जिथं हरभऱ्यासाठी वखर चाललाय,
आणि थेट बेंबीतून काढते : "होऽऽ".

जोडी थांबते.
दोन्ही बैल, वखरासकट, बापासकट.
"आयकते तिचं," तो म्हणतो,
चूक कबूल केल्यासारखा.

एक, मी लिहिते.

मग ढेकळावरच बसून राहते.
त्या दिवशीची दोन घरं राहिली ती राहिलीच.
कोंबडीला "ती ती".
रात्री अकराला लाइन येते, मोटर सुरू होते, तिला "घूं".
डुकरांना "हुड्या",
आणि तसं म्हणताना हातातली काडी ती आपटते
तिथं नसलेल्या डब्यावर.
मचाणावर निजते ही.
रात्रभर डबा वाजतो, ही गाढ.
डबा थांबला की दचकून उठते.

पर्यवेक्षिका मॅडम म्हणतील,
मामा, काका, पाणी, असलं काही आहे का?
"हो" म्हणते? मग लिहा ना, होकार देते.

माझ्या प्रणयचा पहिला शब्द होता "हजर".
सतरंजीच्या कोपऱ्यात त्याला बसवून
मी गावाची लेकरं मोजायची,
नाव घ्यायची, मान वर करायची, खूण करायची.
त्यानं ते पाहून ठेवलं.
हा शब्द म्हटला की माय वर बघते.
अकरा महिन्यांचा होता. मी किती हसले होते,
साऱ्या गल्लीला सांगत फिरले.

आता बुटीबोरीला कंपनीत आहे.
फोन उचलला की अजून
आधी "हजर" म्हणतो,
मग जरा थांबून, "बोल ना माय."
ते जरा थांबणं
कुठल्या रकान्यात लिहू?

ऊन उतरतं. दुर्पता एक ओळ पुढं जाते, मग आणखी एक,
पऱ्हाटीत तिचं फक्त डोकं दिसतं
आणि मग तेही नाही.
ओजल उठते, दोन पावलं टाकते, बसते,
परत उठते.
त्या हलणाऱ्या झाडांकडं तोंड करून
घसा ताणून :
"होऽऽऽ"

पऱ्हाटी हलायची थांबते.

दुर्पता उभी राहते, अर्धं बोंड हातात,
पदरानं तोंड पुसत हसते,
"पाय न व बाई, बैलच समजते मले हे!"

आणि येते.