केसभर

डनेडिनमध्ये जुलै म्हणजे ऐन हिवाळा.
खिडकीबाहेर बंदर राखाडी, आत हीटर,
आणि पलंगावर आडवा सेमिसी,
बावीस वर्षांचा, टोंगाहून आलेल्यांचा धाकटा,
दंड असा की पट्टा दोनदा बदलावा लागला.

मी पट्टा आवळते, हवा भरते.
पाच मिनिटं हाताला रक्त बंद.
तो छताकडे बघत आकडे मोजतो, मध्येच विचारतो,
"इलस्पेथ, हात माझाच राहील ना?"
मग मी हवा सोडते.

पडद्यावर तेव्हा जे होतं
ते बघायला मी अकरा वर्षं इथे येते आहे.
अडलेलं रक्त धावत येतं
आणि धमनी, कुणी न सांगता,
जराशी सरकून त्याला जागा देते,
भरल्या पंगतीत उशिरा आलेल्याला
देतात तशी.

चार मिलीमीटरची वाट. त्यात पाव मिलीमीटर मोठेपणा.
अहवालात मात्र टक्के लिहायचे असतात.

मग तो बाहेर जाऊन ओढून येतो.
आंब्याचा वास.
आंबा त्याने झाडावर पाहिलाय, आजोळी.
"हा तसा नाही लागत," स्वतःच सांगतो,
"पण धूरही नाही ना. बाबांसारखा खोकत नाही मी."
खरं आहे. खोकत नाही.
नाडी अठ्ठ्याहत्तर. मघाशी चौसष्ट होती.

पुन्हा पट्टा. पुन्हा छत, पुन्हा आकडे.
सोडते.
रक्त येतं, तसंच धावत.
धमनी उघडते. उघडते, पण
हातचं राखून.
साखळी न काढता दाराच्या फटीतून
"कोण?" विचारावं, तशी.

फरक किती? एक केस.
त्याच्या भुवईवर आलाय ना, तेवढा एक.

"हे जाईल ना?"
तासा-दोन तासांत जाईल, मी म्हणते.
"मग ठीक."
दिवसातून किती वेळा, हे मी विचारत नाही.
अर्जात त्या रकान्यात त्याने लिहिलंय:
मोजलं नाही कधी.

जाकीट चढवून तो खिसा चाचपतो,
घराची किल्ली आहे ना बघावं तसा,
आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरतो.

मी काच पुसून खाली बघते.
बसथांब्यावर सात-आठ माणसं,
या थंडीत सगळ्यांच्याच तोंडातून वाफ.
त्यातली त्याची कुठली,
इतक्या वरून नाही सांगता येत.