माझीच घडी

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा.
जिन्याखालची जागा माझी. दीड हात टेबल,
त्यावर जुनं ब्लँकेट, त्यावर चादर,
आणि टेबलाला कोपर टेकून
रोज कोणाचं ना कोणाचं मत.

कुलथे साहेब, तीनशे दोन, बँकेतून रिटायर.
म्हणायचे, दरमहा थोडं थोडं टाकत जा बाई,
पंधरा वर्षांनी बघ.
आठ रुपये नग.
पंधरा वर्षं मी बघतेच आहे.

बोनकोड्याचा हरेश म्हात्रे म्हणतो, वडिलांनी
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट फुंकला, घाई केली,
आज असता तर.
‘तर’च्या पुढे काही बोलत नाही,
गळ्यातली साखळी बोटाला गुंडाळत राहतो.
(त्याचे शर्ट लिननचे. ओले असतानाच करावे लागतात,
वाळले की ऐकत नाहीत.)

तळमजल्याच्या वीणाताई
एका घरात कोंडलेली माणसं भांडतात
तो कार्यक्रम बघतात. म्हणतात,
आता भांडायचेसुद्धा पैसे मिळतात गं.
आम्ही नवराबायको हे काम
बावीस वर्षं फुकट करत होतो.

आणि पोरांचे टी-शर्ट. छातीवर हिरो, गॉगल, मागे धूर.
तोंडावरून थेट इस्त्री फिरवली
तर तळाला अर्धी मिशी चिकटून येते.
म्हणून हिरोला आधी उलटा करायचा,
मग आतून शेकायचा.
हे मत नाही. हे काम आहे.

कुलथ्यांचा निनाद ऐरोलीला होता, काचेच्या बिल्डिंगीत.
मला म्हणाला होता, मावशी, कोळसा सोडा, गॅसची इस्त्री घ्या,
रिस्क घेतल्याशिवाय माणूस वर जात नाही.
मी म्हटलं, वर जायला जिना आहे की,
माझ्या डोक्यावरच.
खूप हसला. सुट्टे परत न घेता गेला.

जानेवारीपासून पिशवी कुलथे साहेब आणतात.
सोमवारी, पाच शर्ट, पूर्वीसारखेच.
कामाचा लोड फार आहे हो त्याला, म्हणतात,
खाली यायलासुद्धा वेळ नाही.
मी विचारलेलं नसतं.

शर्टाच्या कॉलरला घाम नाही.
बगलेत वास नाही.
कोपराच्या आत बसून बसून पडतात
त्या बारीक सुरकुत्या नाहीत.
आणि पाठीवर माझीच घडी,
शुक्रवारी घातलेली,
जशीच्या तशी.

मी ती मोडते. झटकते. पाणी मारते.
पुन्हा तीच घालते.
पाच नग, चाळीस रुपये. वहीत लिहिते
आणि घेते.
प्रांजल म्हणाली, आई, हे फसवून पैसे घेणं झालं.
म्हटलं, यात फसवतंय कोण नि फसतंय कोण,
तू कॉलेजात जातेस, तूच मांडून दाखव.
सोडले असते चाळीस रुपये
तर मला कळलंय हे त्यांना कळलं असतं.
मग पुढच्या सोमवारी
ते कुठल्या जिन्याखाली गेले असते?

थोडं थोडं टाकत जा असं आता ते म्हणत नाहीत.
उभे राहतात. कोळशाकडे बघतात.
हरेश साखळी गुंडाळतो,
वीणाताई कोण घराबाहेर पडलं ते सांगतात,
कुलथे साहेब दोघांनाही हो म्हणतात.

काल पिशवी सोडली.
चार शर्ट माझ्या घडीचे.
पाचवा, आकाशी, चुरगळलेला. बाह्या दुमडलेल्या,
खिशाखाली चहाचा डाग,
रुपयाएवढा.

कामावर रुजू झाला, की नुसताच
कोणाबरोबर चहा प्यायला गेला,
मला माहीत नाही.
डागावर इस्त्री फिरवू नये. पक्का होतो.
बाजूला काढून ठेवलाय.
साहेब आले की सांगेन,
हा आधी धुवून आणा.