गायधनी वकिलांकडे, उद्या साडेअकरा

फोनवर ते म्हणाले, सगळं घेऊन या.
जे आहे ते. जे नाही ते लिहून आणा.
जुन्या सीबीएसच्या मागे, झेरॉक्सच्या वर, दुसरा मजला,
लिफ्ट नाही. हात दुखतो की पाय?
हात, म्हटलं. मग या, म्हणाले.

आता रात्रीचे दहा. शटर अर्धं खाली.
आत मोरीत निकिता टॉवेल धुतेय.
फेशियलच्या खाटेवर मी सहा महिने मांडलेत:
अंबड ठाण्याची फिर्याद, तिच्यात आडनाव चुकलेलं.
पंचनाम्यात स्कूटी 'उजव्या अंगास पडलेली'.
मीही त्याच अंगाला पडले होते,
तिचं लिहिलंय, माझं नाही.
सिव्हिलचं कार्ड, त्यावर चहाचा डाग.
एक्स-रे ट्यूबलाइटला धरला की मनगटात
एक पट्टी, पाच स्क्रू,
माझ्या कुठल्याही बांगडीपेक्षा महाग.

उत्पन्नाचा पुरावा, हे त्यांनी दोनदा सांगितलं.
आयब्रो चाळीस, अप्पर लिप वीस,
लग्नसराईत नवरीमागे चार हजार आणि नारळ.
भुवईची पावती कोण मागतं?
एक वही आहे. 'बोरस्त्यांची मयूरी, उधार ८०',
अशी पानंच्या पानं.
कोर्टात उधारी चालते का, विचारायचं.
लिहून ठेवते, डाव्या हाताने,
पहिलीतल्या पोरीसारखं.

पगारबाई संध्याकाळी सांगून गेल्या:
उद्या पावडर नको. केस फार विंचरू नकोस.
जुनी साडी नेस, हात गळ्यात बांध,
बोलताना मध्येच थांब.
आधी वकिलाला दिसलं पाहिजे, मग कोर्टाला दिसतं.

वीस वर्षं ह्याच खुर्चीत मी
पोरींना उद्यासाठी तयार केलं.
बघायला येणारेत, इंटरव्ह्यू आहे, पासपोर्टचा फोटो.
डोळ्यांखालचं काळं झाकलं, रडलेलं झाकलं,
एकदा तर गालावर उमटलेली बोटं.
उद्यासाठी बिघडवायचं कसं, ते कुणी शिकवलं नाही.
आरशासमोर हात गळ्यात बांधून पाहिला.
नाटकातली वाटले. सोडला.
सोडल्यावर दुखला, तो खरा.

मग रीळ काढलं.
एक टोक दातात, बोटांत फास,
उघडझाप, उघडझाप.
डोळे मिटून जमायचं हे.
माझ्याच पोटरीवर धरलं. तिसऱ्या झटक्याला
अंगठा ऐकेना, दोरा सुटला,
तोंडातून लोंबत राहिला,
मांजरीने गिळलेल्या उंदराच्या शेपटासारखा.
हसू आलं.
सर्टिफिकेटवर बावीस टक्के अपंगत्व.
उरलेल्या अठ्ठ्याहत्तरात केस विंचरता येतात,
भांडी होतात, रिक्षाला हात करता येतो.
भुवई होत नाही.
भुवई अख्खी त्या बावीसातच राहत होती.

आणि एक गोष्ट कुठल्याच कागदावर नाही.
त्रिमूर्ती चौकात सिग्नल पिवळा होता.
मी पोलिसांना हिरवा सांगितला,
ह्यांना हिरवा, आईला हिरवा,
इतक्यांदा की स्वप्नातही आता हिरवाच लागतो.
पिकअपवाला तर लालातून आला,
रिकामे कॅरेट वाजवत, भरधाव.
चूक त्याचीच.
पण निकिताचा तिसरा फोन होता, नवरी येऊन बसलीय,
आणि मी वेग वाढवला.
थोडा. थोडाच.

फोन ठेवताना वकील म्हणाले होते,
ताई, वाईट असेल ते आधी सांगा.
चांगलं मी शोधतो.

कागद तारखेप्रमाणे पिशवीत भरले.
सगळ्यात वर एक कोरा, त्यावर मोठं, वाकडं:
पिवळा.
त्याखाली: आडनाव दुरुस्त करणे.
त्याखाली: फी किती, हप्त्याने चालेल का.

निकिता हात पुसत बाहेर आली.
ताई, भुवया करून देऊ? फार वाढल्यात.
बसले खुर्चीत. मान मागे टाकली.
दोन्ही हातांनी ताणून धरा, म्हणाली,
अगदी माझ्याच आवाजात.
एकाने धरलं.