मैदानाचा उतार

आमचं केप्याचं मैदान नदीकडे उतरतं.
पहिल्या अर्ध्या वेळेत चेंडू आपसूक कुशावतीकडे धावतो,
दुसऱ्या अर्ध्यात तोच उतार आपल्या बाजूचा होतो.
मध्यंतराला लिंबू चोखायचं, बाजू बदलायच्या.
इतका साधा न्याय.

मडगावच्या त्या कॉलेजात आणि आमच्यात
मध्यंतर कधी होतच नाही.
त्यांच्याकडे वसतिगृह, दुपारी हुमण-भात,
दरसाल बुटांचा नवा जोड,
आणि फेब्रुवारीत गावोगाव फिरणारा एक माणूस,
जो कापणी झालेल्या शेताच्या बांधावर उभा राहून
पोरांच्या पोटऱ्या न्याहाळतो.
गेल्या साली सात-शून्य हरलो.
सातातले चार गोल
मीच शिकवलेल्या पायांचे.

म्हणून समितीत मी कलम नऊ लिहिलं:
कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूने एक मोसम बाहेर बसावे.
'बसावे' की 'बसेल' यावर अर्धा तास गेला,
सांग्याचे फळदेसाय सर म्हणाले, 'बसावेच'.
लहान कॉलेजांनी बाकं वाजवली.
भाजी-पाव आला.
मडगाववाल्यांनीही सही केली, काही न बोलता.

मेअखेरीला शाणू वेळीप आला.
बार्सेचा. डावा पाय असा की
चेंडू विचारून जातो, कुठे जाऊ.
प्लास्टिकच्या पिशवीत ना हरकत दाखल्याचा अर्ज.
'खोली देतायत, टिचर.
सरावानंतर बस नसते,
रोजचे सहा किलोमीटर वाचतील.'

मी कलम नऊ समोर सरकवलं.
ओठ हलवत त्याने ते वाचलं, दोनदा,
मग म्हणाला,
'तुम्हीपण म्हापशाचं कॉलेज सोडून इथे आलात ना,
कायमची नोकरी मिळाली म्हणून?
तुम्हाला किती मोसम बसवलं?'

उद्धट नव्हता तो.
त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी सांगू लागले, समतोल म्हणजे काय,
सगळेच एका दारात गेले तर स्पर्धा कसली उरणार,
उरलेल्या पोरांनी कुणाकडे बघायचं.
सगळं खरं होतं.
आणि बोलताना माझा हात त्या अर्जावर होता,
वारा नसतानाही कागद दाबून धरावा तसा.

कलम चुकलं असं अजून वाटत नाही.
फक्त दोन कॉलेजं तराजूत घालताना
वजन म्हणून मी हे पोर वापरलं,
आणि त्याचं वजन कुणी विचारलं नाही.

सही केली. शिक्का दोनदा मारला,
पहिला पुसट उठला होता.
आता तो वर्षभर बाकावर बसेल,
नवे बूट घालून.

संध्याकाळी चुना कमी पडला,
नदीकडची रेघ अर्धीच ओढून झाली.
पोरं आपापल्या जागा धरत होती,
बेनितो गोलमधून ओरडला,
'टिचर, दाव्या कुशीक कोण?'