पावतीवर लिहिलं : हरभरा

कार्तिकात मुंजाजी दुकानात आला.
म्हणाला, दाणेदार औषध दे किलोभर.
आपल्याकडं विषालाही औषधच म्हणतात,
त्यामुळं विकताना जीभ अडखळत नाही.
त्याच्या पिशवीत गिरणीतून आणलेलं गरम पीठ होतं,
वर गुळाचा खडा, कागदात.
मी बघितलं. त्यानं मला बघताना बघितलं.
पावतीवर 'कशासाठी' असा एक रकाना असतो.
मी लिहिलं : हरभरा.

त्याचं नुकसान खोटं नव्हतं.
एकर-दीड एकर भुईमूग एका रात्रीत
नांगर फिरवल्यासारखा उलथा पडलेला,
शेंगांची नुसती टरफलं, आणि ओल्या मातीत खुरं.
पंचनाम्याचा कागद सेलूला गेला, तिकडंच राहिला.

त्यानं लिंबाएवढे गोळे वळले.
बांधाबांधानं ठेवले,
ओढ्याकडच्या वाटेवर चार जास्तीचे.

डुकरांनी वास घेतला आणि वाट बदलली.

रज्जाकभाईची शेळी गेली, गाभण होती.
धुळोबाचा कुत्रा गेला, पांड्या,
लांडग्याला न भ्यालेला,
मेंढरांच्या मधोमध पाय झाडत.
दोन लांडोरी ओढ्यात, चोच पाण्यात.
एक मुंगूस.
मग पांड्याला ज्यांनी टोचलं, ते कावळे.
बाभळीखाली काळ्या चिंध्या वाळत घातल्यासारखे.
ते कुणी मोजले नाहीत.
कावळे कोण मोजतं?

मी दाणेदार औषध ठेवणं बंद केलं
आणि गावोगाव सांगत सुटलो.
ग्रामसभेत, पारावर, दूध डेअरीच्या रांगेत,
मारुतीच्या भोंग्यावरून सुद्धा एकदा.
मागून कुणीतरी म्हणालं,
गोळ्याचा मसाला तुझ्याच दुकानातला ना रे?
हसले सगळे. मीही हसलो असेन.
खरं होतं ते.
पुढच्या गावात मी सुरुवातच तिथून केली :
मी विकलं. मी पावतीवर हरभरा लिहिलं.
तेव्हा कुठं चार माणसं उठून न जाता बसली.

माघात मुंजाजी गेला, साध्या खोकल्यानं.
दहाव्याला दुधनेच्या काठी
केरबानं बापाचा पिंड ठेवला,
भाताचा, वर दही, तीळ.
आणि आम्ही लांब सरकून उभे राहिलो.

आभाळ धुतल्यासारखं मोकळं.
पोरगा म्हणाला, तांबड्या गाईला विकणार नाही.
बहिणीचं देणं देईन.
विहिरीचं राहिलेलं बांधकाम करीन.
आईला अंतर देणार नाही.
कुणी म्हणालं, तंबाखू ठेवा, त्याला आवडायची.
ठेवली.
ऊन डोक्यावर आलं. भात सुकला.
म्हातारी कुजबुजली, काय राहिलंय गं बाई याचं मनात?
रज्जाकभाई माझ्याकडं बघत नव्हते, नदीकडं बघत होते.
मला माहीत होतं, मनात काही राहिलं नव्हतं.
बाभळीवर कुणी राहिलं नव्हतं.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला,
गवताच्या चार काड्या, एक गाठ.
त्यानंच शिवून घेतला पिंड.
केरबा त्या गोळ्याकडं बघत राहिला.
बापाच्या हाताखाली बसून
त्यानंही वळले होते गोळे, कार्तिकात.

तेराव्यानंतर तो दुकानात आला.
अर्धा पुडा, तोंड सुतळीनं बांधलेलं,
काउंटरवर ठेवला. हात धोतराला पुसले.
म्हणाला, हे परत घे.
पण उन्हाळी भुईमूग टोचलाय, त्याचं काय करू, ते सांग.

भाषण पाठ होतं मला. ते आठवलं नाही.
म्हणालो, रात्री येतो जागलीला.

आता आम्ही दोघं माळ्यावर बसतो,
तेलाचा रिकामा डबा, एक काठी, बॅटरी.
सव्वातीनला डुकरं येतात.
डबा बडवतो. जातात.
बिडी संपायच्या आत पुन्हा येतात.
केरबा मला शिव्या देतो, डुकरांना देतो,
आणि काठी माझ्या हातात देऊन
जरा आडवा होतो.